नासरेथचा येशू खरंच होऊन गेला का?

येशू ख्रिस्त खरंच होऊन गेला का, असं कुणी विचारतं तेव्हा त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. पहिला असा: इसवी सनाच्या पहिल्या शतकात, रोमन अमलाखालच्या यहुदी मुलखात, ज्याच्याभोवती पुढे ख्रिस्ती धर्म उभा राहिला असा कुणी हाडामांसाचा माणूस होता का? दुसरा असा: कुमारीच्या पोटी जन्म, पाण्यावरून चालणं, मेल्यावर तिसऱ्या दिवशी उठणं, हे घडलं का? दुसऱ्या प्रश्नाला इतिहासाची साधनं पुरी पडत नाहीत. तिथे ज्याची त्याची श्रद्धा, आणि त्या श्रद्धेचा मान राखूनच हे लिहीत आहे. पहिला प्रश्न मात्र निव्वळ इतिहासाचा आहे आणि त्याचं उत्तर बऱ्यापैकी ठामपणे देता येतं.

उत्तर आहे: हो, होता. नासरेथ गावचा, अरामी भाषा बोलणारा एक यहुदी उपदेशक, ज्याला पंतय पिलात या रोमन अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत यरुशलेमला क्रुसावर चढवून मारलं. या विषयात आयुष्य घातलेल्या अभ्यासकांत, मग ते ख्रिस्ती असोत, यहुदी असोत की नास्तिक, एवढ्या गोष्टीवर जवळपास एकमत आहे. पण 'तज्ज्ञ म्हणतात' एवढ्यावर कुणी थांबू नये. पुरावा कोणता, किती जुना, कुणाच्या हातचा आणि तो कुठे कच्चा आहे, हे कुणालाही तपासता येतं.

हयातीतली एक ओळही नाही

सगळ्यात वजनदार वाटणारा आक्षेप आधी घेऊ. येशू जिवंत असताना त्याच्याबद्दल लिहिलेली एकही ओळ आज हाती नाही. त्याच्या खटल्याचा कागद नाही, कुणाचं पत्र नाही, शिलालेख नाही. त्यानं स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही. हे सगळं खरं आहे.

आता ज्यानं त्याला देहदंड दिला त्या पिलाताचं काय उरलं ते पाहा. पिलात इ.स. २६ ते ३६ अशी दहा वर्षं यहुदिया प्रांताचा कारभारी होता. त्याच्या हाताखाली फौज होती, तो कर वसूल करत होता, रोमला अहवाल धाडत होता. त्यातला एकही अहवाल किंवा हुकूम आज शिल्लक नाही. त्यानं पाडलेली तांब्याची बारकी नाणी सापडतात, पण त्यांवर नाव सम्राटाचं आहे. फायलो आणि जोसेफस या दोन यहुदी लेखकांनी त्याच्याबद्दल लिहिलं. पण १९६१ सालापर्यंत पिलाताचं नाव कोरलेला एकही दगड कुणी पाहिलेला नव्हता. त्या वर्षी इटालियन पुरातत्त्वज्ञ अंतोनियो फ्रोव्हा यांचं पथक कैसरिया इथल्या समुद्राकाठच्या रोमन नाट्यगृहाचं उत्खनन करत होतं. तिथल्या एका जिन्यात चुनखडीचा एक दगड पायरी म्हणून बसवलेला निघाला. मागच्या काळात कुठल्यातरी दुरुस्तीत हाताशी आलेला जुना दगड गवंड्यानं वापरून टाकला होता. त्याची डावी बाजू घासून गेलेली, तरी लॅटिन अक्षरं वाचता येत होती: वरच्या ओळीत सम्राट तिबेरियसच्या नावानं बांधलेल्या इमारतीचा उल्लेख, त्याखाली '...तिउस पिलातुस', आणि त्याखाली यहुदियाचा 'प्रीफेक्ट' (प्रांताचा कारभारी) हे पद, तेही अर्धंच. तो दगड आता यरुशलेमच्या इस्रायल संग्रहालयात आहे.

दहा वर्षं प्रांत सांभाळणाऱ्या माणसाची ही गत. मग गालीलच्या डोंगरातल्या, काही शे वस्तीच्या खेड्यातल्या एका सुताराच्या नावाची सरकारी नोंद शोधायची कुठे? त्या काळी त्या मुलखात असे उपदेशक आणि स्वयंघोषित मुक्तिदाते आणखीही होते. थुदास नावाच्या एकानं, यार्देन नदी दुभंगून वाट देईल असं सांगून लोक गोळा केले, आणि रोमन घोडदळानं त्याचं मुंडकं कापून यरुशलेमला नेलं. मिसरहून आलेला दुसरा एक जण जैतुनांच्या डोंगरावर हजारो लोकांना घेऊन गेला, माझ्या शब्दासरशी शहराची तटबंदी कोसळेल म्हणाला. हे दोघे आपल्याला माहीत आहेत ते मुख्यतः जोसेफसमुळे, आणि त्यानं हे लिहिलं घटनेनंतर कित्येक वर्षांनी. तरी थुदास काल्पनिक होता असं कुणी म्हणत नाही. येशूला वेगळी फूटपट्टी लावायची असेल, तर कारणही वेगळं द्यावं लागेल.

बखरी आणि पत्रं

बायबलच्या नव्या करारातली चार शुभवर्तमानं म्हणजे येशूच्या चरित्राचं मुख्य साधन. ती कशी वाचायची हे मराठी वाचकाला पटकन कळेल, कारण आपल्याकडे बखरी आहेत. सभासद बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर काही वर्षांनी जिंजीला लिहिली गेली, लिहिणारा महाराजांना मानणारा होता. बखरीत भक्ती असते, दैवी संकेत असतात, सालं इकडची तिकडे होतात, पात्रांच्या तोंडी लेखकाची भाषणं येतात. इतिहासकार राजवाड्यांनी बखरींवर कडक टीका केली आणि अस्सल पत्रांवर भर दिला. पण बखर भाबडी आहे म्हणून तिचा नायकच नव्हता, असं कुठलाही इतिहासकार म्हणत नाही. तो बखर बाजूला ठेवून पत्रं उघडतो, मग दोन्ही ताडून पाहतो. अर्थात महाराजांच्या बाबतीत समकालीन कागदांचे ढीग आहेत आणि येशूच्या बाबतीत ते नाहीत, हा फरक मोठा आहे. वाचायची रीत मात्र तीच.

शुभवर्तमानं म्हणजे येशूच्या बाबतीतल्या बखरी. सगळ्यात जुनं मार्कचं, इ.स. ७० च्या आसपासचं, म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर सुमारे चाळीस वर्षांनी लिहिलेलं. मत्तय आणि लूक यांची साधारण ८० ते ९० च्या दरम्यानची, योहानाचं त्याहून थोडं उशिराचं. सगळी ग्रीक भाषेत. मत्तय आणि लूक या दोघांनी मार्कचा मजकूर समोर ठेवून लिहिलं आहे, वाक्यंच्या वाक्यं उचलली आहेत. त्यामुळे तिघांनी एकच प्रसंग सांगितला म्हणजे तीन साक्षीदार झाले, असा हिशेब करता येत नाही.

विसंगतीही ढळढळीत आहेत. मत्तय म्हणतो, येशू जन्मला तेव्हा हेरोद राजा जिवंत होता. हेरोद इ.स.पूर्व ४ मध्ये वारला. लूक जन्माचा संबंध क्विरिनियस या सुभेदाराच्या शिरगणतीशी लावतो. ती इ.स. ६ मधली. दोघांच्या सांगण्यात सुमारे दहा वर्षांचं अंतर पडतं. मत्तयाच्या कथेत येशूचे आईबाप बेथलेहेमचेच दिसतात आणि पुढे नासरेथला जाऊन राहतात. लूकच्या कथेत ते नासरेथचे असून शिरगणतीसाठी बेथलेहेमला जातात.

ही विसंगती वाचून पुष्कळ जण म्हणतात, बघा, सगळं रचलेलं. मला ती वाचून नेमकं उलट वाटतं. दोन लेखक दोन वेगळ्या वाटांनी येशूला बेथलेहेमला का नेतात? कारण मशीहा (ग्रीक भाषेत 'ख्रिस्त'), म्हणजे यहुदी लोक ज्याची वाट पाहत होते तो मुक्तिदाता, दावीद राजाच्या गावी, बेथलेहेमला जन्मायचा, अशी अपेक्षा होती. आणि त्यांना एवढा खटाटोप करावा लागला, कारण तो नासरेथचा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. जुन्या धर्मग्रंथांत नासरेथचं नावसुद्धा नाही. 'नासरेथातून काही चांगलं निघू शकतं का?' हा टोमणा खुद्द योहानाच्या शुभवर्तमानात नोंदलेला आहे. नायक मनानंच उभा करायचा असता, तर त्याला सरळ बेथलेहेमचा केला असता. नासरेथ मधे आणून नंतर निस्तरत बसायचं कारण नव्हतं.

बाप्तिस्म्याचंही तसंच. बाप्तिस्मा करणारा योहान (शुभवर्तमानाचा योहान तो वेगळा) हा त्या काळचा नावाजलेला माणूस, जोसेफसनंही त्याच्यावर लिहिलं आहे. तो लोकांना यार्देन नदीत पापक्षमेसाठी बाप्तिस्मा देत असे. मार्क सरळ सांगून टाकतो की येशूनं त्याच्याकडून बाप्तिस्मा घेतला. पण जो निष्पाप, त्याला पापक्षमेचा बाप्तिस्मा कशाला? आणि देणारा मोठा की घेणारा? मत्तय हा प्रसंग लिहिताना योहानाला आढेवेढे घ्यायला लावतो: मीच तुमच्याकडून घ्यायला हवा, असं त्याच्या तोंडी घालतो. चौथ्या शुभवर्तमानात योहान येशूबद्दल साक्ष देतो, पण बाप्तिस्मा दिल्याचं सांगितलेलंच नाही. गोष्ट अडचणीची होती, पण टाकून देता येत नव्हती, हे इथे स्पष्ट दिसतं. अडचणीची म्हणून खरी, या तर्काचा अतिरेक झाला आहे अशी टीका अलीकडे काही अभ्यासक करतात आणि ती रास्त आहे. एकट्या या तर्कावर काही उभं करू नये.

बाहेरचे साक्षीदार

ख्रिस्ती नसलेल्यांनी काय लिहिलं? रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. ११६ च्या सुमारास, ६४ सालच्या रोममधल्या आगीबद्दल लिहितो. आग लावल्याचा संशय नीरो बादशहावर होता. तो झटकायला नीरोनं ख्रिस्ती लोकांना धरलं आणि हालहाल करून मारलं. हे लोक कोण, हे सांगताना टॅसिटस लिहितो की यांचं नाव ज्याच्यावरून पडलं त्या ख्रिस्ताला तिबेरियसच्या राज्यात पंतय पिलातानं देहदंड दिला होता, आणि ही घातक अंधश्रद्धा काही काळ दबली, पण पुन्हा उसळली. या मजकुरात सहानुभूतीचा लवलेश नाही, त्यामुळे तो कुणा ख्रिस्ती लेखनिकानं मागाहून घुसडला असेल असं मानणं अवघड आहे. पण याची मर्यादाही आहे. टॅसिटस पिलाताला 'प्रोक्युरेटर' म्हणतो. कैसरियाच्या दगडावर पद आहे प्रीफेक्टचं. म्हणजे त्यानं जुनं दफ्तर उघडून पाहिलेलं नसावं, आपल्या काळचा शब्द वापरला असावा. ही माहिती त्याला ख्रिस्ती लोकांकडूनच ऐकीव मिळालेली असू शकते. तेव्हा टॅसिटसवरून एवढं नक्की कळतं की दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्ताचा विरोधकसुद्धा त्याला पिलातानं मारलेला खरा माणूस समजत होता.

दुसरा जोसेफस. यरुशलेमच्या याजक घराण्यात इ.स. ३७ च्या सुमारास जन्मलेला, रोमविरुद्धच्या बंडात गालीलची आघाडी सांभाळलेला, मग रोमनांच्या हाती लागून त्यांच्याच आश्रयाला गेलेला. यहुदी लोकांचा मोठा इतिहास त्यानं रोममध्ये बसून इ.स. ९३-९४ च्या सुमारास पुरा केला. त्याच्या अठराव्या भागात येशूवर एक परिच्छेद आहे. त्यात 'हाच तो ख्रिस्त' आणि 'तिसऱ्या दिवशी तो पुन्हा जिवंत दिसला' अशी वाक्यं आहेत. जोसेफस शेवटपर्यंत यहुदीच राहिला, तो असं लिहिणं शक्य नाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिगेन स्पष्ट म्हणतो की जोसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. म्हणजे या परिच्छेदात नंतर कुणीतरी हात घातला आहे. मूळचा साधा उल्लेख होता आणि त्यावर भर पडली, असं बहुतेकांचं मत. अख्खा परिच्छेदच बनावट, असं काहींचं मत. पुराव्यात एवढी भेसळ असेल तर त्यावर भार टाकू नये, असं मला वाटतं. त्याची गरजही नाही, कारण खरा पुरावा त्याच ग्रंथाच्या विसाव्या भागात आहे, आणि तिथे विषय येशूचा नाहीच.

याकोब

आता या सगळ्यातली सर्वांत भक्कम गोष्ट. त्यासाठी पौलाची पत्रं उघडावी लागतात. पौल हा आधी ख्रिस्ती मंडळीचा छळ करणारा, नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या परूशी पंथातला यहुदी, पुढे त्याच धर्माचा सगळ्यात धडाडीचा प्रचारक. त्याच्या नावावर तेरा पत्रं आहेत, त्यातली सात नक्की त्याचीच, हे त्याचे टीकाकारही मान्य करतात. ही पत्रं साधारण इ.स. ५० ते ६० या दशकातली. त्यांचा काळ ठरवायला एक पक्का खुंटाही आहे: करिंथ या ग्रीक शहरात पौलाला ज्या गल्लियो नावाच्या अधिकाऱ्यासमोर उभं केलं होतं, त्याचा उल्लेख असलेला शिलालेख ग्रीसमध्ये डेल्फीला सापडला, आणि त्यावरून गल्लियोचा कारभार ५१-५२ च्या सुमारास होता हे ठरलं. म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीचे हे कागद.

गलतीकरांना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या गलतिया भागातल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिलेलं पत्र रागानं लिहिलेलं आहे. त्या मंडळीत कुणीतरी येऊन सांगितलं होतं की पौल हा काही खरा प्रेषित नव्हे, त्याला यरुशलेमच्या वडीलधाऱ्यांनी शिकवलं आणि तो आता भलतंच सांगत सुटला आहे. पौल उत्तर देतो: मला कुणा माणसानं शिकवलेलं नाही. साक्षात्कार झाल्यावर मी यरुशलेमला गेलोच नाही. तीन वर्षांनी गेलो, तो पेत्राला (येशूच्या प्रमुख शिष्याला) भेटायला, आणि पंधरा दिवस राहिलो. प्रेषितांपैकी दुसऱ्या कुणाला भेटलो नाही. भेटलो तो फक्त प्रभूचा भाऊ याकोब याला. आणि लगेच पुढे म्हणतो, देवासमक्ष सांगतो, मी खोटं लिहीत नाही.

ही साक्ष कुठल्या परिस्थितीत दिली आहे ते लक्षात घ्या. यरुशलेमच्या माणसांशी आपला संबंध किती थोडा होता, हे त्याला दाखवायचं आहे. पेत्र आणि याकोब यांची भेट कबूल करणं त्याच्या सोयीचं नाही. तरी तो शपथेवर कबूल करतो, कारण वाचणाऱ्यांना ती ठाऊक असावी आणि लपवून भागणार नव्हतं. ही भेट येशूच्या मृत्यूनंतर दहा वर्षांच्या आतली आहे.

पुढच्याच प्रकरणात भांडण आहे. सिरियातल्या अंत्युखिया शहरात पेत्र यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांच्या पंगतीला बसत असे. मग याकोबाकडून काही माणसं आली आणि पेत्र पंगतीतून उठून वेगळा बसू लागला. पौलानं त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं, आणि ते पत्रात लिहूनही ठेवलं. इथे याकोब पौलाचा मित्र नाही, त्याच्या मार्गातली धोंड आहे. ज्याची माणसं येऊन आपली पंगत मोडतात, तो भाऊ कल्पनेतला असण्याची शक्यता मला तरी दिसत नाही.

आता जोसेफसकडे परत. साल इ.स. ६२. यहुदियाचा रोमन कारभारी फेस्तस वारला आहे आणि नवा, अल्बिनुस, अजून वाटेत आहे. ही फट साधून अनानुस नावाचा मुख्य याजक न्यायसभा बोलावतो. शुभवर्तमानांत येणाऱ्या हन्नाचा हा मुलगा. ज्याला ख्रिस्त म्हणत त्या येशूचा भाऊ, याकोब नावाचा, आणि आणखी काही जण, यांना सभेपुढे आणतो, नियमभंगाचा आरोप ठेवतो आणि दगडमार करून मारायला देतो. नियमाला कडक असलेल्या शहरातल्या लोकांनाच हे आवडत नाही. ते अग्रिप्पा राजाकडे आणि अल्बिनुसकडे तक्रार करतात. अनानुसचं पद अवघ्या तीन महिन्यांत जातं.

जोसेफसला इथे रस आहे तो अनानुसच्या पदच्युतीत. याकोब मारला गेला एवढंच त्याचं काम. याकोब हे नाव घरोघरी होतं, म्हणून कोणता याकोब हे सांगायला त्यानं भावाचं नाव दिलं. येशू हे नावही तितकंच घरोघरीचं, म्हणून 'ज्याला ख्रिस्त म्हणत' ही पुस्ती. ख्रिस्ती लेखनिकानं घुसडलं असतं, तर त्यानं 'ज्याला ख्रिस्त म्हणत' असं परकेपणानं लिहिलं नसतं. तो पौलासारखं 'प्रभूचा भाऊ' म्हणाला असता. आणि ६२ साली जोसेफस स्वतः पंचविशीचा, यरुशलेमच्या याजकांच्या गोटातला तरुण होता. ज्यांनी हे केलं आणि ज्यांनी विरोध केला, ते दोन्ही त्याच्या वर्तुळातले.

यावर आक्षेप आहेत. 'भाऊ' म्हणजे धर्मबंधू असेल, असं एक म्हणणं. पण पौल त्याच वाक्यात पेत्राला भाऊ म्हणत नाही, आणि करिंथकरांना लिहिताना 'इतर प्रेषित, प्रभूचे भाऊ आणि पेत्र' असे वेगवेगळे गट मोजतो. सगळेच धर्मबंधू असतील तर ही वेगळी मोजणी कशाला? कॅथलिक परंपरा याकोबाला येशूचा सख्खा भाऊ मानत नाही, नात्यातला भाऊ मानते. त्यानं आपल्या मुद्द्याला बाध येत नाही. भाऊ सख्खा असो की चुलत, नातं माणसाशीच असतं. दुसरा आक्षेप असा की जोसेफसच्या मजकुरात 'ज्याला ख्रिस्त म्हणत' हे शब्द मागाहून आले, मूळचा येशू म्हणजे अनानुसनंतर मुख्य याजक झालेला दम्नेयसचा मुलगा येशू. विचार चतुर आहे. पण तिसऱ्या शतकात ओरिगेनला हे शब्द ठाऊक होते, आणि जोसेफस त्या दुसऱ्या येशूची ओळख पुढे बापाच्या नावानं करून देतो; तोच माणूस असता तर ती आधी, पहिल्या उल्लेखालाच करून दिली असती.

दोन साक्षीदार, एक ख्रिस्ती आणि एक नसलेला, एकमेकांचं न वाचता एकाच माणसाला येशूचा भाऊ म्हणतात. एक त्याला भेटलेला, दुसरा त्याच शहरात राहिलेला. प्राचीन इतिहासातल्या खेड्यातल्या माणसाबद्दल इतका पुरावा मिळणं विरळाच.

क्रूस

क्रूस आज देवळांवर आणि गळ्यांत दिसतो, त्यामुळे तो त्या काळी किती लाजिरवाणा होता हे आपल्या ध्यानात येत नाही. ती गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. मशीहाकडून लोकांची अपेक्षा होती ती दावीदाच्या वंशातल्या, रोमनांना हुसकून लावणाऱ्या राजाची. आणि यहुदी नियमशास्त्रात लिहिलं होतं की झाडावर टांगलेला माणूस देवानं शापलेला असतो. 'आमच्या मशीहाला रोमनांनी नागवं करून क्रुसावर मारलं' असं सांगणं म्हणजे स्वतःच स्वतःचा प्रचार बुडवणं. पौल हे कबूलच करतो: क्रुसावरचा ख्रिस्त यहुद्यांना अडखळण, इतरांना मूर्खपणा.

रोममध्ये पॅलेटाइन टेकडीवरच्या एका इमारतीच्या गिलाव्यावर अणकुचीदार वस्तूनं ओरखडलेलं एक चित्र १८५७ मध्ये सापडलं. क्रुसावर एक आकृती, तिला डोकं गाढवाचं. खाली एक माणूस हात वर केलेला. बाजूला वेड्यावाकड्या ग्रीक अक्षरांत लिहिलं आहे: आलेक्सामेनोस देवाची पूजा करतो. साधारण इ.स. २०० च्या आसपासचं हे चित्र, कुणीतरी एका ख्रिस्ती सोबत्याला चिडवायला काढलेलं. क्रुसावर मेलेला देव मानणाऱ्याच्या वाट्याला काय येत होतं ते यात दिसतं. हा अपमान कुणी हौसेनं रचून अंगावर ओढून घेईल? घडलं होतं, नाकारता येत नव्हतं, म्हणून त्याचा अर्थ लावावा लागला.

नव्हताच म्हणणारे

येशू पूर्ण काल्पनिक होता, हे मत फ्रेंच क्रांतीच्या काळात व्होल्ने आणि दुप्वी यांनी मांडलं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ब्रुनो बाउअर, १९०९ मध्ये आर्थर ड्रूज यांनी ते पुढे नेलं. आज अमेरिकेतले रिचर्ड कॅरियर याचे सगळ्यात अभ्यासू पुरस्कर्ते. त्यांचं म्हणणं असं की येशू हा मुळात स्वर्गीय पुरुष, त्याचा क्रूसही आकाशातला, आणि शुभवर्तमानांनी त्याला जमिनीवर उतरवलं. पौल येशूच्या आयुष्याबद्दल फार थोडं बोलतो, हा त्यांचा खरा बळकट मुद्दा. पण जे थोडं बोलतो ते काय? तो स्त्रीपासून जन्मला, दावीदाच्या वंशातला होता, धरून दिला त्या रात्री त्यानं भाकर मोडली, क्रुसावर मेला, पुरला गेला, त्याला भाऊ होते. हे वर्णन जमिनीवरच्या माणसाचं आहे.

मिथ्र, ओसिरिस, होरस या प्राचीन देवांच्या कथांवरून येशू रचला, हा दावा नाताळ आला की सगळीकडे फिरू लागतो. मिथ्र खडकातून जन्मला, कुमारीपासून नव्हे. ओसिरिस मेल्यावर पाताळाचा राजा झाला, पृथ्वीवर परतला नाही. आणि २५ डिसेंबर ही तारीख शुभवर्तमानांत कुठेच नाही. ती चौथ्या शतकातल्या रोमन पंचांगात पहिल्यांदा दिसते. सणाची तारीख नंतर ठरली, म्हणून ज्याचा सण तो माणूस नव्हता, असं होत नाही.

ख्रिस्ती अभ्यासकांना येशू खराच ठरवायचा असतो, असाही एक संशय घेतला जातो. त्यासाठी दोनच नावं पुरेत. बार्ट अर्मन स्वतः श्रद्धा सोडलेले, बायबलमधल्या चुका आणि फेरफार लोकांपुढे मांडण्यात हयात घालवलेले. ते येशूच्या अस्तित्वावर ठाम आहेत. गेझा व्हर्मेश हंगेरीतल्या यहुदी घरात जन्मले, त्यांचे आईवडील नाझींच्या वंशसंहारात गेले, ते कॅथलिक पाद्री झाले, मग ते सोडून पुन्हा यहुदी म्हणून जगले. त्यांनी येशूला गालीलमधला यहुदी पुण्यपुरुष म्हणून बारकाईनं अभ्यासलं, आणि येशूला यहुदी चौकटीत पाहणं आज सर्वमान्य झालं आहे. या दोघांना चर्चचं काहीच राखायचं नव्हतं.

मग नक्की काय म्हणता येतं

येशू इ.स.पूर्व ४ च्या थोडा आधी जन्मला असावा. सहाव्या शतकात दियोनिसियस नावाच्या संन्याशानं त्याच्या जन्मापासून सालं मोजायचा हिशेब मांडला, त्यात काही वर्षांची चूक झाली, आणि आपण आजही तेच सन लिहितो. तो गालीलमध्ये वाढला, योहानाकडून बाप्तिस्मा घेतला, देवाच्या राज्याबद्दल दृष्टांतांतून शिकवत फिरला, रोग बरे करणारा म्हणून त्याची ख्याती झाली. वल्हांडण या यहुदी सणाच्या गर्दीत यरुशलेमच्या मंदिरात त्यानं काहीतरी गडबड उडवून दिली, पकडला गेला आणि पिलातानं त्याला क्रुसावर दिलं. साल बहुधा ३० किंवा ३३. थोड्याच काळात त्याचे अनुयायी सांगू लागले की तो उठला आहे आणि आम्हाला दिसला. ते असं सांगत होते, एवढं इतिहास नोंदवतो. त्यांना काय दिसलं, हे ठरवणं त्याच्या हाती नाही.

जन्मापासून बाप्तिस्म्यापर्यंतच्या तीस-एक वर्षांबद्दल जवळपास काहीच माहीत नाही, आणि याच रिकाम्या जागेत आपल्याकडे आवडीनं सांगितली जाणारी कथा शिरली. निकोलाय नोतोविच या रशियन लेखकानं १८९४ मध्ये एक पुस्तक काढलं: लडाखमधल्या हेमिस मठात पाय मोडून पडलो असताना मला येशूच्या भारतातल्या वास्तव्याची जुनी पोथी वाचून दाखवली, असा त्याचा दावा. संस्कृतचे पंडित माक्स म्युलर यांनी त्याच वर्षी त्यावर शंका घेतली. पुढच्या वर्षी आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक आर्चिबाल्ड डग्लस स्वतः हेमिसला गेले. त्यांनी पुस्तकातला मजकूर मठाच्या प्रमुख लामांना दुभाष्याकरवी ऐकवला. असा कुणी जायबंदी प्रवासी मठात राहिला नाही आणि अशी पोथी आमच्याकडे नाही, असं लामांनी सांगितलं आणि तसं लिहून सही दिली. नोतोविचची मूळ पोथी आजवर कुणीही अभ्यासकांपुढे ठेवलेली नाही. श्रीनगरच्या खानयार भागातल्या रोजाबलची कबर येशूची, हा दावा अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी १८९९ च्या सुमारास मांडला, म्हणजे क्रुसानंतर साडेअठराशेहून अधिक वर्षांनी. पौल याकोबाला भेटला होता. काश्मीरच्या कथेत असा भेटलेला माणूस एकही नाही.